हिवाळा नसलेल्या शहरातलं ब्लॅक मेटल

१

ब्लॅक मेटल या संगीताबद्दल बोलायचं तर बर्फाचा विषय टाळता येत नाही. अल्बमच्या मुखपृष्ठांवर बर्फाने वाकलेली झाडं असतात, गाण्यांच्या नावांत हिवाळा, काळोख, जंगल आणि डोंगर असतात. गिटारच्या आवाजाचं वर्णन करताना चाहते 'थंड' हे विशेषण कौतुकाने वापरतात. जगाच्या नकाशावर या संगीताची जागाही ठरलेली आहे: नॉर्वे, १९९०च्या दशकाची पहिली चार-पाच वर्षं. अशा संगीताने मुंबईत, जिथे पारा १५ अंशांवर आला तरी वर्तमानपत्रांत बातमी होते, मूळ कसं धरलं? आणि धरलं असेल, तर ते इथलं झालं की पाहुणंच राहिलं?

हा प्रश्न विचारायला 'डेमॉनिक रेझरेक्शन' या मुंबईच्या बँडइतकं चांगलं उदाहरण नाही. साहिल मखिजा या तरुणाने २००० साली तो सुरू केला. काटेकोर वर्गीकरण करणारे या बँडला निखळ ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल म्हणणार नाहीत. त्यात डेथ मेटलचा वाटा मोठा आहे. पण की-बोर्डच्या विस्तीर्ण सुरावटींनी गाण्याभोवती एक वातावरण उभं करायचं, आणि गिटार-ड्रमचा मारा त्या वातावरणाच्या पोटात ठेवायचा, ही त्यांची पद्धत नॉर्वेच्या त्याच घराण्यातून आलेली आहे. घराणं हा शब्द इथे मुद्दाम वापरतो आहे. दूर बसून, ध्वनिमुद्रिका ऐकून शिकलेल्या शिष्याचं घराण्याशी काय नातं असतं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

२

आधी घराण्याविषयी. ब्लॅक मेटल हे नाव इंग्लंडच्या 'व्हेनम' या बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून आलं, पण आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो त्याचा घाट नॉर्वेत ठरला. तिथल्या मूठभर मुलांनी डेथ मेटलचा जडपणा नाकारला आणि पातळ, कर्कश, उंच पट्टीतला गिटारचा आवाज पत्करला. या मंडळींचा दुसरा इतिहास जास्त प्रसिद्ध आहे: जून १९९२मध्ये बर्गनजवळचं फँटॉफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, ऑगस्ट १९९३मध्ये 'मेहेम'च्या यूरॉनिमसचा खून झाला, तो करणारा 'बर्झुम'चा वर्ग विकरनेस तुरुंगात गेला आणि पुढे उघड वंशवादी लिखाण करत राहिला. हा भाग विसरून चालणार नाही. काळ्या कातड्याच्या देशांतल्या श्रोत्यांनी तर नाहीच. पण संगीत कसं घडलं हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी एक तांत्रिक गोष्ट पाहावी लागते. गिटारवादक उजव्या हातातली पट्टी एकाच तारेवर वरखाली अतिशय वेगाने फिरवतो. याला ट्रेमोलो म्हणतात. मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात घेतले, तर सेकंदाला १२ आघात होतात. गिटारच्या आवाजावर आधीच विकृतीचा जाड थर असतो, त्यावर कृत्रिम घुमारा चढवलेला असतो. मग हे १२ आघात वेगळे ऐकू येईनासे होतात आणि त्यांचा एक अखंड पडदा तयार होतो. ड्रमही त्याच वेगाने चालतात. पंखा पूर्ण वेगात फिरू लागला की पाती दिसत नाहीत, स्थिर चकतीच दिसते. तसं इथे वेगातून स्थिरता निर्माण होते. सतारवादनात झाला शेवटी येतो, तिथवर पोचायला आलाप-जोडाची वाट चालावी लागते. ब्लॅक मेटलचं गाणं झाल्यापासूनच सुरू होतं आणि तिथेच राहतं. त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष हळूहळू वेगावरून सुटतं आणि त्यामागे सावकाश सरकणाऱ्या सुरांकडे जातं. वातावरण म्हणतात ते इथे सुरू होतं.

'एम्परर'च्या 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' या अल्बममध्ये या पडद्यावर की-बोर्डचे सूर असे पसरले होते, की चार पोरांचा बँड एखाद्या वाद्यवृंदासारखा भव्य वाटावा. नोटोडन या छोट्या औद्योगिक गावातून आलेला त्यांचा गायक-गिटारवादक इसान तेव्हा १७ वर्षांचा होता. मुद्रण झालं बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या नावाने बांधलेल्या शहराच्या मुख्य संगीतसभागृहात. आणि महिना होता जुलै. हिवाळ्याच्या संगीताचा हा आदर्श १९९३च्या भर उन्हाळ्यात, जेव्हा त्या अक्षांशावर रात्र जेमतेम होते, तेव्हा मुद्रित झाला. थंडी हवेत नव्हती. ती ट्रेमोलो, घुमारा आणि की-बोर्ड यांनी बनवलेली होती. मुंबईविषयी बोलताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

पुढे या वातावरणाला अनेक देशांत वेगवेगळे पत्ते मिळाले. व्हिएन्नाच्या 'समनिंग'ने टोलकीनच्या काल्पनिक जगात घर केलं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पोर्टलंडचा 'ॲगलॉक' आणि ऑलिंपियाचा 'वुल्व्ज इन द थ्रोन रूम' यांनी आपल्या भागातल्या पावसाळी, शेवाळलेल्या अरण्यांचं संगीत केलं. दहा-दहा मिनिटांची गाणी, मधूनच साध्या गिटारची शांत वळणं. त्यांनी नॉर्वेची रीत घेतली आणि भूगोल स्वतःचा घातला. म्हणजे रस्ता उपलब्ध होता. हिमालयाच्या पायथ्याशी, चंदीगडसारख्या शहरात वाढणाऱ्या मुलाला निदान क्षितिजावर कसौलीचे डोंगर तरी दिसतात. मुंबईच्या मुलाने काय घालायचं होतं?

३

मुंबईत रॉक संगीताची परंपरा जुनी होती आणि तिची एक जागाही ठरलेली होती. धोबीतलावावर सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं रंगभवन हे खुलं नाट्यगृह. इथे मराठी नाटकं झाली, १९७८पासून 'जॅझ यात्रा' भरली आणि फरहाद वाडिया यांनी १९८६मध्ये सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव इथेच वाढला. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास, पावसाची टांगती तलवार असताना, कॉलेजची पोरं काळे टीशर्ट घालून दगडी पायऱ्यांवर गर्दी करत. जुहूला 'रॅझबेरी ऱ्हायनोसरस' नावाचं ठिकाण होतं, तिथे छोटे बँड वाजवायचे. आयआयटीच्या 'मूड इंडिगो'तली 'लाइव्हवायर' स्पर्धा ही वर चढण्याची शिडी होती. 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३मध्ये निघालं ते मुंबई-दिल्लीतून नव्हे, अलाहाबादहून. ते वाचून देशभरातली मुलं एकमेकांना ओळखू लागली.

कॅसेटचा मार्ग वेगळा होता. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये परदेशी कंपन्यांनी अधिकृतपणे आणलेलं मिळायचं: मेटॅलिका, मेगाडेथ, आयर्न मेडन. नॉर्वेच्या लहान कंपन्यांचं काहीच आपल्याकडे विकायला येत नसे. ते परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून येई आणि कॅसेटवरून कॅसेटवर उतरत जाई. प्रत्येक प्रतीबरोबर आवाज थोडा गढूळ होई. ब्लॅक मेटलसारख्या आधीच गढूळ संगीताला त्याने फारसं बिघडत नसे. शतकाच्या शेवटी इंटरनेट आलं आणि ही गळती बंद झाली. आता मुंबईतल्या मुलाला 'एम्परर' आणि 'डिमू बोर्गिर' हे ऑस्लोतल्या मुलाइतक्याच सहज, निदान एका रात्रीच्या डाउनलोडनंतर, ऐकता येऊ लागले. 'डेमॉनिक रेझरेक्शन' नेमकं त्या वळणावर जन्मलं.

या संगीताचा वर्गही सांगितला पाहिजे. गिटार, ॲम्प्लिफायर, ड्रमचा संच, सरावाची बंद खोली हा खर्च परवडणारी मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमातली, वांद्रे ते जुहू पट्ट्यातली किंवा दक्षिण मुंबईतली होती. गाणी इंग्रजीत लिहिली जात. लालबाग-परळच्या मराठी मुंबईशी त्यांचा संबंध लोकलच्या डब्यापुरता. मराठी साहित्याने या मुलांची दखल घेतली नाही आणि त्यांनीही मराठीची घेतली नाही. पण एका बाबतीत दोघांचं भांडवल सारखं होतं, ते म्हणजे राक्षस. त्याकडे पुढे येऊ.

४

पहिला अल्बम 'डेमनस्टीलर' २०००मध्येच निघाला. 'डेमनस्टीलर' हेच मखिजाचं रंगमंचावरचं नाव, आणि पुढे त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीचंही. कंपनी काढण्यामागे हौसेपेक्षा गरज जास्त होती. हिंदी चित्रपटसंगीतावर चालणाऱ्या बाजारात या संगीताचा अल्बम काढणारं कुणी नव्हतं. म्हणून स्वतःचाही काढायचा आणि इतरांचेही काढायचे. 'रिझरेक्शन' नावाने मेटलचे कार्यक्रमही तो भरवू लागला. भारतात या संगीताची जी थोडीफार व्यवस्था उभी राहिली, ती अशा एकाच वेळी गायक, प्रकाशक, आयोजक आणि हमाल असलेल्या माणसांच्या जोरावर.

२००५चा 'अ डार्कनेस डिसेंड्स' हा बँडची ओळख ठरवणारा अल्बम. त्यावरच्या दोन गाण्यांची नावंच पाहा: 'फ्रोझन पोर्ट्रेट' आणि 'स्पिरिट्स ऑफ द मिस्टिक माउंटन्स'. गोठलेलं चित्र, गूढ डोंगरांतले आत्मे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत यातलं काहीही नाही. कुत्सितपणे पाहिलं तर हे उसनं आहे असं म्हणून मोकळं होता येईल. पण मराठीतला रोमँटिक कवीही कधीकाळी न पाहिलेल्या बुलबुलांवर लिहीत होताच. एखादी रीत शिकणारा आधी तिचे संकेत घेतो, ते तोंडात घोळवतो, आणि मग त्यातलं आपल्याला काय चालतं ते त्याला कळतं.

या अल्बमचा आवाज मात्र नॉर्वेची नक्कल नाही. ब्लॅक मेटलमध्ये गिटार पातळ आणि खर्ज जवळपास अदृश्य असतो. 'डार्कथ्रोन'ने १९९४चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला आणि ती ओबडधोबड उणीवच शैली ठरली. मुंबईच्या या बँडने ती उणीव घेतली नाही. त्यांची गिटार जाड आहे, ड्रमचा प्रत्येक ठोका स्वच्छ, दोन पायांनी वाजवलेला खर्जाचा ड्रम छातीवर बसणारा. मखिजाचा गुरगुरता आवाज डेथ मेटलचा आहे, आणि ध्रुपदाच्या ठिकाणी तोच माणूस मोकळ्या, सुरेल आवाजात गातो. या सगळ्यावर की-बोर्ड. मारा खालून, वातावरण वरून, आणि मध्ये गुणगुणता येईल अशी चाल. चालीची ही ओढ मला इथली वाटते. ज्या शहरात रिक्षापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सतत कुठलीतरी चाल कानावर पडते, तिथल्या माणसाला दहा मिनिटं चालीशिवाय राहणं जड जात असावं.

'अ डार्कनेस डिसेंड्स', २००७ची छोटी ध्वनिमुद्रिका 'बियाँड द डार्कनेस' आणि २०१०चा 'द रिटर्न टू डार्कनेस' अशी ही काळोखाची त्रयी. तिसऱ्या अल्बमपर्यंत बँड पक्का झाला होता: मखिजाबरोबर गिटारवर डॅनिएल रेगो, बेसवर हुसेन बंदुकवाला, ड्रमवर वीरेंद्र कैथ आणि की-बोर्डवर मेफिस्टो हे नाव घेतलेला वादक. सिंधी, ख्रिस्ती, मुसलमान अशी ही नावांची यादी मुंबईच्या जुन्या क्रिकेट संघासारखी वाटते, आणि ती तशी ठरवून झालेली नव्हती. 'द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेंजन्स' हे या अल्बमवरचं गाणं त्यांचं सर्वात परिचित. त्यात बँडची सगळी हत्यारं एका ठिकाणी सापडतात.

इथे इतिहासाने एक छोटं वर्तुळ पूर्ण केलं. हा अल्बम भारताबाहेर प्रसिद्ध केला तो इंग्लंडच्या 'कँडललाइट रेकॉर्ड्स'ने. ग्रीगहालेनमध्ये त्या जुलैत मुद्रित झालेला 'एम्परर'चा अल्बम काढणारी हीच कंपनी. ज्या कारखान्याचा माल चोरट्या वाटेने कॅसेटवर उतरून मुंबईत पोचत असे, त्याच्या यादीत आता मुंबईचं नाव लागलं. त्याच वर्षी लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाने 'गोल्डन गॉड्स' सोहळ्यात बँडला 'ग्लोबल मेटल' हा पुरस्कार दिला. पुढे नॉर्वेच्या 'इन्फर्नो'सारख्या महोत्सवांतही ते वाजवून आले. पुरस्काराच्या नावातला 'ग्लोबल' हा शब्द मात्र मनात राहतो. नॉर्वेच्या बँडला कुणी ग्लोबल म्हणत नाही. आपण आत आलो, पण पाहुण्यांच्या खोलीत.

५

बाहेर मान मिळत असताना घरची जागा आक्रसत होती. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० साली आले: रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला झेवियर्स, जवळच कामा रुग्णालय आणि किल्ला कोर्ट. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तिथलं संगीत थांबलं. 'इंडिपेंडन्स रॉक' अंधेरीच्या चित्रकूट मैदानात गेला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. रुग्णालयातल्या माणसाला झोप हवीच. पण २००२मध्ये त्याच नियमांत दुरुस्ती होऊन सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातले १५ दिवस रात्री १० ते १२ अशी सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. या शहराला मोठ्या आवाजाचं वावडं नाही. प्रश्न नेहमी कुणाचा आवाज, हाच असतो, आणि ज्यांच्यामागे मतं नाहीत त्यांनी भाड्याच्या बंद सभागृहात जायचं असतं.

त्यातून पैशांचं गणित. भारतात मेटलवर पोट भरत नाही. मखिजाने याचं उत्तर शोधलं ते जवळपास विनोदी आहे: 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रम. सुरुवातीला तो बँडमधल्या मंडळींशी गप्पा मारत त्यांना खायला घालायचा. पुढे कर्बोदकं टाळणाऱ्या कीटो आहाराच्या पाककृती दाखवू लागला आणि तो कार्यक्रम बँडपेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत गेला. 'वर्कशॉप' हा त्याचा दुसरा बँड तर उघडच चेष्टामस्करीचा. त्यांच्या २००९च्या अल्बमचं नाव 'खूनी मुर्गा'. नॉर्वेची मंडळी चेहऱ्याला पांढरा रंग फासून जंगलात गंभीर छायाचित्रं काढत होती, त्यांच्या घराण्याचा मुंबईकर शिष्य स्वयंपाकघरात उभा राहून हसत होता. हा फरक किरकोळ नाही. जगणं इतकं दाटीवाटीचं असेल, तर कायम गंभीर चेहरा ठेवणं परवडत नाही.

६

आता राक्षसाकडे. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमधला सैतान हा चर्चचा विरोधक होता. राज्याचा अधिकृत धर्म, शाळेत शिकवला जाणारा कॅटेकिझम, आणि त्याला दिलेली अगदी ठरावीक शिवी म्हणजे सैतान. हे भारतात आणलं की त्याचा अर्थ उरत नाही. इथे ख्रिस्ती धर्म अल्पसंख्याकांचा. त्याच्यावर तुटून पडण्यात कसलं धाडस? 'डेमॉनिक रेझरेक्शन'चे राक्षस म्हणूनच सुरुवातीला कल्पित कथांतले राहिले. त्यात गंमत आणि भव्यता होती, विरोध नव्हता. २०१४च्या 'द डेमन किंग'मध्येही देव पडू शकतात असं सांगणारा राक्षसराजा आहे, पण त्याचं राज्य कुठल्याच नकाशावर नाही.

आपल्याकडच्या राक्षसाची परंपरा वेगळी आहे. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारी खेळ सुरू होतो तेव्हा पूर्वरंगात संकासुर येतो. अंगभर काळा वेश, डोक्यावर निमुळती काळी टोपी, तोंडावर काळा मुखवटा. तो वेद पळवणारा असुर, त्याला शेवटी विष्णू मारणार हे सगळ्यांना ठाऊक. पण तोवर तो मालवणीत बोलतो, फिरक्या घेतो, आणि पेटी, मृदंग, झांजेच्या गजरात सगळी जत्रा त्याच्या बाजूची होऊन जाते. देवांपेक्षा तो लोकांच्या जवळचा. काळ्या वेशातला, देवांची टिंगल करणारा, रात्रभर चालणारा आणि मोठ्या आवाजातला हा प्रकार कोकणात कुठल्याही गिटारच्या आधीपासून होता.

म्हणून २०१७मध्ये बँडने 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, तेव्हा उत्सुकता वाटणं स्वाभाविक होतं. मत्स्य ते कल्की, दहा अवतारांवर दहा गाणी. संगीत म्हणून हे त्यांचं सर्वात इथलं काम. भारतीय वाद्यांचे सूर आणि इथल्या सुरावटी गिटारच्या रचनेत मिसळतात. वातावरण उभं करायचं काम, जे आधी युरोपीय वाद्यवृंदाची आठवण देणाऱ्या की-बोर्डकडे होतं, ते आता या सुरांकडे येतं. 'मत्स्य'मधला पुराचा लोंढा आणि 'नरसिंह'मधला संताप यांना मेटलचा मारा असा बसतो, की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. थंडीची गरजच उरत नाही.

पण एक गोष्ट खटकते, आणि ती मराठी वाचकाला जास्त खटकेल. दहाही गाणी अवतारांच्या नावाने आहेत. हिरण्यकश्यपूला गाणं नाही, बळीला नाही, संकासुराला तर नाहीच. राक्षसांच्या पुनरुत्थानाचं नाव घेतलेल्या बँडने आपल्या पुराणांत पाऊल टाकलं आणि राक्षसांना बाहेर उभं केलं. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त हीच अवतारमाला हातात घेतली होती. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून त्यांनी मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम यांना बाहेरून आलेल्या आक्रमकांच्या टोळीनायकांचं रूप दिलं आणि बळीला इथल्या रयतेचा राजा केलं. त्यांना ही कल्पना हवेतून सुचली नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य परत येवो असं म्हणणाऱ्या बायका त्यांच्या आजूबाजूला होत्या. ब्लॅक मेटलचा मूळ धर्म जर विजेत्यांच्या देवाविरुद्ध उभं राहण्याचा असेल, तर महाराष्ट्रात त्याचं पहिलं पुस्तक फुल्यांनी लिहून ठेवलं होतं. मुंबईच्या मुलांच्या शाळेत ते कुणी पोचवलं नाही, ही चूक एकट्या बँडच्या माथी मारता येत नाही.

भारतातल्या इतरांनी दुसरा रस्ता धरून पाहिला. कोलकात्याच्या 'हीदन बीस्ट'चे सदस्य आपली खरी नावं सांगत नाहीत, कारण त्यांची गाणी सरळ इथल्या धर्मांवर आणि धर्मकारणावर आहेत. 'अयोध्या बर्न्स' हे एका गाण्याचं नाव पुरेसं बोलकं आहे, आणि गणेशविसर्जनावरही त्यांनी लिहिलं आहे. इथे ब्लॅक मेटलला त्याचा विरोधी धर्म परत मिळतो आणि त्याची किंमतही. मुंबईचे 'सोलर डीटी' आणि 'कॉस्मिक इन्फ्यूजन', दिल्लीचा '१८३३ एडी' यांनी आपापल्या परीने शैली सांभाळली. दिल्लीचा 'रात' हा एका माणसाचा प्रकल्प तर खऱ्या अर्थाने ॲटमॉस्फेरिक: लांब, उदास, एकट्या खोलीतलं संगीत. आणि मखिजा स्वतःही थांबला नाही. 'डेमनस्टीलर' या एकट्याच्या नावाने २०२३मध्ये आलेला 'द प्रोपगंडा मशीन' हा प्रचार, द्वेष आणि सत्ता यांच्याविषयी आहे. कल्पित राक्षसराजापासून तिथवर यायला त्याला दोन दशकं लागली. आपल्या समकालीन कवितेतल्या काही मंडळींचा वेग पाहता ही गती वाईट म्हणता येणार नाही.

७

शेवटी पुन्हा हवामानाकडे. नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलचं एक केंद्र बर्गन. तिथल्या 'इम्मॉर्टल' या बँडने 'ब्लाशिर्क' नावाचं गोठलेलं राज्य कल्पून अल्बममागून अल्बम त्यावर लिहिले. पण बर्गन हे शहर प्रसिद्ध आहे ते बर्फासाठी नाही. ते युरोपातल्या सर्वात पावसाळी शहरांपैकी एक आहे. वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, जवळपास मुंबईइतका. समुद्र, मागे डोंगर, ओल्या भिंती, छत्र्या. म्हणजे गोठलेल्या राज्याची गाणी लिहिणारी मुलंही खिडकीतून पाऊसच पाहत होती. बर्फ त्यांनाही कल्पनेतच गाठावा लागला.

हे कळल्यावर मुंबईच्या बँडवरचा उसनेपणाचा आरोप बराच हलका होतो. आणि त्याच वेळी एक अपेक्षाही तयार होते. ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या बँडनी आपल्या पावसाला ट्रेमोलोच्या पडद्यात जागा दिली. मुंबईचा पाऊस चार महिने पत्र्यावर नेमक्या त्याच अखंड आवाजात पडतो, ज्यात वेगवेगळे थेंब ऐकू येत नाहीत. २००५च्या जुलैत, 'अ डार्कनेस डिसेंड्स'च्याच वर्षी, २६ तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडालं. काळोख, पाणी, बंद पडलेल्या गाड्यांतून चालत घरी निघालेली लाखो माणसं. त्या रात्रीला कुठल्याही गोठलेल्या राज्याची मदत नको होती.

तो अल्बम अजून कुणी केलेला माझ्या ऐकण्यात नाही. करायला लागणारी सगळी हत्यारं या शहरात आहेत, आणि ती कशी वापरायची हे 'डेमॉनिक रेझरेक्शन'ने करून दाखवलेलं आहे.